पाना कुठे राहिला?



रामदासपेठेतल्या आमच्या घरामागे एक पाच मजली इमारत आहे. तिची राखण करणारे गृहस्थ एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनात भागत नाही म्हणून या वयात फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या पत्नी आमच्या गावच्या, म्हणून आमच्या बहीण. ते आमचे भाऊजी आणि त्यांचा बारावीतला मुलगा आमचा भाचा. या कुटुंबाला जिन्याखालची एक खोली मिळाली आहे आणि गच्चीची किल्ली. पोराला खोलीपेक्षा किल्लीचेच अप्रूप जास्त.

गच्चीवर हा पोरगा फोमच्या पत्र्यांची छोटी विमाने करतो. पंख कापतो, चिकटवतो, बॅटरीवर चालणारी मोटर बसवतो. तिथवर कोणाची तक्रार नव्हती. पण एके रात्री जेवताना त्याने जाहीर केले की आपण खरे विमान बांधणार, ज्यात माणूस बसेल असे, आणि तेही याच गच्चीवर. भाऊजी ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "गच्चीवर माणूस वाळवण घालते, विमान नाई. तुमी लिहिता-वाचता, तुमीच समजवा त्याले."

आम्ही समजवायला गेलो. मोठी माणसे जे सांगतात तेच आम्हीही सांगितले: आधी शिक्षण, मग पक्की नोकरी, स्पर्धा परीक्षा, आणि हौस त्यानंतर. पोराने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, विमान दुरुस्त करणाऱ्याची नोकरी कच्ची असते का?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्या विषयात आम्हाला काही कळत नव्हते त्यात आम्ही उपदेश केला होता. घरी आलो आणि वाचायला बसलो.

पोराच्या डोक्यात जे विमान होते ते मुंबईचे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, हे अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्या वेळी ते जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. त्याआधीचे त्यांचे प्रयत्न फसले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला तेव्हा हे विमान सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले आणि तिथे नेऊन पुन्हा जोडून लोकांसमोर ठेवले. छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली ती एवढीच. पुढचा भाग फारसा कोणी वाचत नाही. या विमानाला नागरी विमान वाहतूक संचालनालयाची नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या खुणेने. उडवून पाहण्याची परवानगी मिळाली २०१९ च्या ऑक्टोबरात, आणि चाचणीची उड्डाणे धुळ्याच्या धावपट्टीवर झाली २०२० मध्ये. गच्चीवरून खाली यायला क्रेन पुरली. जमिनीवरून वर जायला आणखी चार वर्षे लागली. आम्ही हे भाच्याला सांगितले तेव्हा त्याने ताबडतोब वहीत लिहून घेतले. पोरगा वही ठेवतो ही गोष्ट आम्हाला आवडली.

यादव यांनी विमान मुळापासून बांधले. जगात बहुतेक हौशी लोक तसे करत नाहीत, ते किट आणतात. किट म्हणजे विमानाचे सुटे भाग खोक्यांत भरून येतात: अॅल्युमिनियमचे कापलेले पत्रे, फासळ्या, नळ्या, बोल्ट आणि सोबत जाडजूड पुस्तिका. अमेरिकेत असा नियम आहे की निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केलेले असले पाहिजे, तरच ते 'हौशी बांधणीचे' म्हणून धरतात. त्या विमानाच्या दाराजवळ 'एक्सपेरिमेंटल' असे ठळक अक्षरात लिहावे लागते. शिवाय हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बनलेले नाही, अशी पाटी आत बसणाऱ्याला वाचता येईल अशी लावावी लागते. आपल्याकडे कितीतरी वस्तूंवर अशी प्रामाणिक पाटी लावायला हरकत नाही!

लंडनजवळ राहणारे, मूळचे केरळातले एक अभियंता आहेत. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या स्लिंग कंपनीचे चार आसनी किट मागवले, घराच्या आवारातल्या शेडमध्ये कामाला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते विमान पहिल्यांदा आकाशात गेले. धाकट्या मुलीचे नाव दिया, म्हणून विमानाची खूण जी-दिया. या कामात सुमारे दीड हजार तास गेले. टप्प्याटप्प्याने तपासनीस येऊन पाहून जात, आणि त्याने पाहिल्याशिवाय पुढचा भाग झाकायचा नाही.

या झाकण्याच्या गोष्टीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पंखाच्या दोन पत्र्यांमध्ये फासळ्या असतात. वरचा पत्रा बसवला की आतले पुन्हा दिसत नाही. म्हणून काम असे चालते: आधी भाग क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खिळ्यांनी तात्पुरते जोडायचे, भोके जुळतात का पाहायचे, मग सगळे पुन्हा सोडवायचे. प्रत्येक भोकाच्या काठावरची बर कानशीने किंवा हत्याराने काढायची. कारण ती धारदार काठ राहिली तर तिथूनच चीर पडते, आणि विमान थरथरत राहिले की ती चीर वाढत जाते. मग गंज धरू नये म्हणून आतून रंगाचा हात. मग पुन्हा जोडणी आणि नंतर रिपिटा. एका बाजूने हवेची बंदूक, दुसऱ्या बाजूने लोखंडी ठोकळा धरायचा. एकट्याने होत नाही, म्हणून ठोकळा धरायला घरातलेच कोणी लागते. अशा हजारो रिपिटा एका छोट्या विमानात असतात. एखादी वाकडी बसली तर ड्रिलने काढून पुन्हा मारायची. ती कोणाला दिसणार नाही, तरी काढायचीच.

मोठ्या कंपन्यांकडूनही चुका होतात. अमेरिकेतली व्हॅन्स ही १९७३ साली सुरू झालेली नावाजलेली किट कंपनी. तिची दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. २०२३ मध्ये तिच्या लेसरने कापलेल्या काही पत्र्यांना भोकांच्या काठाशी चिरा पडू लागल्या. त्या चिरा पाहिल्या कोणी? घराघरांत, गॅरेजमध्ये विजेरी घेऊन वाकलेल्या हौशी लोकांनीच. कंपनीला ते भाग बदलून द्यावे लागले. पैशांची आणखीही ओढाताण होतीच, आणि त्या डिसेंबरात तिला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावे लागले. ती पुढे सावरली. पण विजेरी घेऊन पाहणारा माणूस नसता तर त्या चिरा आकाशात मोजाव्या लागल्या असत्या.

विमान उडाले म्हणजे काम संपले असे नाही, आणि आमच्या मते खरी गोष्ट इथून पुढची. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या नळीत काढून पाहतात. पाणी शिरले असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. इंजिनचे तेल ठरावीक तासांनी बदलायचे, आणि जुना गाळणीचा कागद फेकायचा नाही. तो कापून उलगडायचा आणि त्यात धातूचा कीस चमकतो का ते पाहायचे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, एक बंद पडला तर दुसरा चालू राहावा म्हणून. नट ठरावीक जोरानेच आवळायचा, कमी नाही आणि जास्तही नाही, आणि आवळून झाल्यावर त्यावर रंगाची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. अमेरिकेत अशा विमानाची दर १२ महिन्यांनी पूर्ण तपासणी करावी लागते आणि काय पाहिले, काय बदलले ते तारीख घालून, सही करून नोंदवहीत लिहावे लागते. हे आम्ही भाऊजींना वाचून दाखवले, तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. "ब्रेकच्या नटावर आमी बी रेघ मारत होतो," ते म्हणाले. "साठ माणसं बसते गाडीत. रेघ नाई दिसली तं गाडी काढू देत नव्हतो मी." मग बराच वेळ एसटीच्या वर्कशॉपच्या गोष्टी निघाल्या. बापाच्या हातात काय होते हे पोराने बहुधा त्या दिवशी प्रथमच ऐकले.

दरम्यान भाच्याच्या मोबाइलवर कोणीतरी एक मजकूर पाठवला. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी प्राचीन ग्रंथांवरून विमान उडवले आणि राइट बंधू त्यानंतर आठ वर्षांनी आले, असा. पोराला अभिमान वाटला होता. आम्ही एवढेच विचारले, "नोंदवही कुठे आहे?" तळपदे यांनी खटपट केली असेल, कष्ट करणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ते विमान उडाले याचा त्या काळचा भरवशाचा पुरावा कोणी समोर ठेवलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चे नाव घेतात ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहवलेले आहे, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये ते तपासून त्यातली विमाने उडू शकत नाहीत असे दाखवून दिले. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण विहारात ऐकतो: ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका. आणि वंदनेत रोज म्हणतो तो 'एहिपस्सिको' हा शब्द, म्हणजे या आणि पाहा. तपासनीस पंखाच्या आत विजेरी टाकतो तेव्हा तो दुसरे काय करत असतो?

अभिमान बाळगायचाच तर तो कोणाचा, हेही आम्ही पोराला सांगितले. राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी उडाले. त्याचे इंजिन बनवले चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या दुकानातल्या मेकॅनिकने, साधारण सहा आठवड्यांत. जगाला दोन भावांची नावे पाठ आहेत, तिसऱ्याचे नाही.

आणि बेसी कोलमन. आपल्या वाचक भगिनींनी हे नाव लक्षात ठेवावे. १८९२ साली टेक्सासमध्ये जन्मलेली ही कृष्णवर्णीय मुलगी कापूस वेचणाऱ्या कुटुंबातली. शिकागोत ती केशकर्तनालयात लोकांची नखे साफ करत असे. तिला विमान चालवायचे होते आणि अमेरिकेतली एकही उड्डाणशाळा तिला घेईना. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाचे संपादक रॉबर्ट अॅबट यांनी तिला सल्ला दिला की फ्रान्सला जा. ती फ्रेंच शिकली, पैसे साठवले, गेली, आणि १५ जून १९२१ रोजी वैमानिकाचा परवाना घेऊन परत आली. साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाच्या सल्ल्याने एक मुलगी आकाशात गेली, हे वाचून आमच्या मनात काय आले ते सांगायला नको. टेक्सासमध्ये एका प्रयोगाच्या वेळी गोऱ्यांना एक फाटक आणि काळ्यांना दुसरे असे ठरले होते. एकच फाटक ठेवा, नाहीतर मी उडत नाही, असे तिने बजावले, आणि सगळे एकाच फाटकातून आत आले. आत गेल्यावर बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या.

तिचा शेवट सांगताना आमचा आवाज जरा जड झाला. ३० एप्रिल १९२६, फ्लोरिडातले जॅक्सनव्हिल. नुकतेच घेतलेले जुने विमान होते. तिथवर आणतानाच ते वाटेत बिघडून उतरवावे लागले होते. विमान तिचा मेकॅनिक चालवत होता. खालचे मैदान वाकून पाहता यावे म्हणून तिने पट्टा बांधलेला नव्हता. विमान एकाएकी खाली झेपावले आणि उलटले. ती बाहेर फेकली गेली, मेकॅनिक विमानाबरोबर जमिनीवर आदळला. दोघेही गेले. अवशेषांत पाहिले तर सुकाणूच्या दात्यांमध्ये एक पाना अडकलेला होता, कधीतरी काम करताना कोणीतरी आत विसरलेला. सगळा देश जिला अडवू शकला नाही तिला एका विसरलेल्या पान्याने अडवले.

भाऊजी काही बोलले नाहीत. उठले, खोलीत गेले आणि पत्र्याची जुनी पेटी घेऊन आले. झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक पान्याचा आकार रंगाने काढलेला होता. पाना जागेवर नसला की रिकामा आकार दिसतो. तीस वर्षे ते संध्याकाळी पेटी बंद करण्यापूर्वी ते आकार पाहत आले.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे हिंगण्याच्या पुढे एका नातेवाइकाच्या शेतात गेलो. सोनेगावचा विमानतळ जवळ असल्याने रामदासपेठेत असले काही वाटेल तसे उडवता येत नाही, म्हणून पोरगा आपले फोमचे विमान तिकडे नेतो. दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत त्याने नाक खाली घातले आणि ते तुरीच्या ओळीत शिरले. "वारा आला," पोरगा म्हणाला. वारा नव्हता. भाऊजींनी तुकडे गोळा केले, शेपटीची पट्टी बोटाने हलवून पाहिली आणि विचारले, "हिची पिन कुठं हाय?" तारेला पट्टीशी जोडणारी छोटी पिन जागेवर नव्हती. पोरगा गप्प. मग म्हणाला, "रात्री मीच काढली होती. फोन आला. नंतर नुसती तार अडकवून ठेवली." आम्ही रागावण्याची वाट पाहत होतो. भाऊजी म्हणाले, "लिही वहीत." त्याने बांधावर बसून लिहिले. वारा होता असे लिहिले नाही.

आता पैशाचे. विमान देखभालीच्या अभियंत्याचा अभ्यासक्रम बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असेल तर करता येतो, पण खासगी संस्थांची फी काही लाखांत जाते. शिवाय परवाना संस्था देत नाही. संचालनालयाच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो. बहिणीने गळ्यातली पोत मोडायची तयारी केली होती. एका संस्थेच्या माणसाने जागा अडवण्यासाठी रक्कम आधी मागितली होती. संस्थेचे नाव आम्ही लिहीत नाही. भाच्यानेच संचालनालयाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी काढून पाहिली. हे नाव यादीत नव्हते. त्याबद्दल विचारले तर "होऊन जाईल" एवढेच उत्तर आले. पोत वाचली. वाचकांपैकी ज्यांची मुले या वाटेने जाऊ पाहतात त्यांनी पैसे देण्यापूर्वी ती यादी जरूर पाहावी.

दुसरी वाट नागपुरातच आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात मिहानमध्ये दसॉ-रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि तिथे फाल्कन विमानांचे भाग बनू लागले. दसॉच्या सहकार्याने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम आला. एअर इंडियाच्या विमानांच्या दुरुस्तीचा तळ मिहानलाच उभा राहिला, आणि वायुदलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय तर कित्येक वर्षे वायुसेनानगरात आहे. आपण नागपूरकर विमान पाहायला सोनेगावला जातो, त्याला सांभाळणारे हात शेजारी राहतात हे ध्यानात येत नाही. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीहून विमानाने नागपूरला आले आणि सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले. ते विमान ज्याने तपासून सोडले असेल त्याचे नाव आपल्याला कधी कळणार नाही.

बहिणीचे म्हणणे, फिटर होऊन पोरगा पुन्हा हात काळे करणार का? बापाने जन्मभर केले, याने टेबलाशी बसावे. आम्हाला तिचे दुःख कळते. आपल्या लोकांकडून पिढ्यान्पिढ्या हातांचे काम करून घेतले आणि त्याच हातांना हीन म्हटले, त्यामुळे काळ्या हातांची धास्ती आपल्या रक्तात बसली आहे. पण ज्याच्या सहीशिवाय विमान जागचे हलत नाही तो हात कोणाचा गुलाम नव्हे, असे आम्ही तिला म्हणालो. तिला ते पूर्ण पटले असे नाही. भाऊजी मात्र म्हणाले, "बारावी होऊ दे. दोनी फारम भरू." दोन्ही म्हणजे आयटीआय आणि अभियंत्याचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम. फी कुठली झेपते ते तेव्हा पाहायचे.

गच्चीवर खरे विमान बांधायचे नाही, असे सध्या ठरले आहे. 'सध्या' हा शब्द भाच्याने घालायला लावला. तुटलेला पंख चिकटवून वर चार विटा ठेवल्या आहेत आणि तो सुकेपर्यंत बहिणीचे उडदाचे पापड आमच्या गच्चीवर येऊन पडले आहेत.